घरी बाजरी, पेपरात ऊस

२०२०-२१ साली मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला ‘भारताचा प्रादेशिक भूगोल’ हा पेपर शिकवला. शिकवला म्हणजे घरातल्या जेवणाच्या टेबलावर चार पुस्तकं रचून त्यांना मोबाइल टेकवला आणि त्याच्याशी बोलत राहिलो. कॉलेज सातारा जिल्ह्यातलं. वर्गात साठेक मुलं. थोडी महाबळेश्वर-जावळीच्या डोंगरातली, काही वाई-कोरेगावची, बरीचशी खटाव-माणची. एरवी ही सगळी एसटीचा पास काढून एका खोलीत येऊन बसतात. त्या वर्षी करोनामुळं ज्याचा तो आपापल्या गावात होता.

सप्टेंबरअखेर पहिला स्वाध्याय दिला: ‘आपण राहतो त्या प्रदेशाचे भौगोलिक वर्णन करा.’ मुलांनी वहीच्या पानांचे फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवले. विसाव्या पानापर्यंत मला मजकूर पाठ झाला होता. बाजारात मिळणाऱ्या एकाच गाईडातला तो उतारा, शब्दाला शब्द. त्यात एक पान माणमधल्या, दहिवडीच्या पलीकडच्या एका गावातल्या मुलीचं होतं. सुबक अक्षर, लाल शाईचा समास. मजकूर असा: ‘आमचा प्रदेश सुपीक असून येथे काळी कसदार जमीन आढळते. ऊस हे प्रमुख पीक असून त्यावर साखर कारखानदारी अवलंबून आहे.’

ते गाव मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी अभ्याससहलीला गेलो होतो. मुरमाड माळ, बोरी-बाभळी आणि उन्हाळ्यात टँकर. मी फोन लावला. पलीकडून नुसता वारा ऐकू येत होता. रेंजसाठी ती देवळामागच्या टेकाडावर चढून बसायची.

“अगं, तुमच्या घरी ऊस किती आहे?”

“न्हाय सर. बाजरी हाय. आन् मेंढरं.”

“मग ऊस का लिहिलास?”

जरा वेळ वारा. मग म्हणाली, “पश्चिम महाराष्ट्र म्हंजी ऊसच की, सर. पेपरात घरचं लिहून कसं चालंल?”

हेच ते प्रकरण. पोरीनं आळस केला म्हणून विषय सोडून देता आला असता, पण आळस तिनं केलाच नव्हता. बारा-तेरा वर्षांच्या शिक्षणातून तिनं एक नियम नेमका उचलला होता: भूगोल पुस्तकात असतो आणि घर भूगोलाच्या बाहेर असतं. तो नियम तिला शिकवणाऱ्यांत मीही होतो.

चूक कुठं होती

अभ्यासक्रमात सुरुवातीलाच भारताचे मोठे प्राकृतिक विभाग येतात: हिमालय, उत्तरेचं मैदान, द्वीपकल्पीय पठार, किनारपट्टी आणि बेटं. मग भूगोलतज्ज्ञ स्पेट यांनी केलेली उपखंडाची विभागणी, १९७१ मधली आर. एल. सिंग यांची विभागणी, नियोजन आयोगाचे १५ कृषी-हवामान विभाग, नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेचे २० कृषी-परिस्थितिकीय प्रदेश. प्रत्येकानं देशाची वेगळी वाटणी केली, कारण प्रत्येकाचा हेतू वेगळा होता. प्रादेशिक भूगोलाचा गाभा हाच. पण मुलांपर्यंत तो पोचतो नावांच्या याद्या म्हणून. चार, पंधरा, वीस. याद्या पाठ झाल्या की पेपर सुटतो.

नेहमीच्या वर्षी अभ्याससहल ही चूक थोडीफार सुधारते. गावात उतरून प्रश्नावल्या भरताना पोरांना कळतं की पुस्तकातला ‘पठारी प्रदेश’ म्हणजे इथं पाय भाजणारा खडक आहे. त्या वर्षी सहल नव्हती. माझी चाळीस मिनिटांची ध्वनिचित्रफीत होती, आणि दिवसाला दीड जीबी डेटा मिळणाऱ्या घरात, जिथं दोन भावंडांनाही त्यातच शिकायचं असतं, तिथं ती कोण उतरवून घेणार? हजेरी पहिल्या आठवड्यात पन्नासच्या वर, तिसऱ्या आठवड्यात वीसच्या आत. तेव्हा मी चित्रफिती बंद केल्या आणि सहा-सात मिनिटांचे आवाजी निरोप पाठवू लागलो. मेंढरं राखताना, दूध घालायला जाताना ऐकता येतील असे. कॅमेऱ्यासमोर फळ्याकडं तोंड करून उभं राहण्यापेक्षा ते मलाही बरं वाटलं.

पण खरा बदल त्या फोननंतरचा. मुलं त्यांच्या प्रदेशातच बसली होती आणि मी त्यांना प्रदेश फोनवरून सांगत होतो. उलट व्हायला हवं होतं.

एक रेघ

मी नकाशावर महाबळेश्वरपासून म्हसवडपर्यंत एक रेघ ओढली. सरळ रेषेत साधारण सव्वाशे किलोमीटर. भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलनिर्देशक नकाशे २०१७ पासून त्यांच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. महाबळेश्वर ४७ जी या पत्रकात येतं, म्हसवड ४७ के मध्ये. दोन्हींची शिवण म्हणजे ७४ अंश पूर्व रेखावृत्त, आणि ते सातारा शहराजवळूनच जातं. मोबाइलवर पीडीएफ उघडली की समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या) विंचरलेल्या केसांसारख्या दिसतात, आकडा वाचायचा तर बोटानं दहादा मोठं करावं लागतं. तरीही काही मुलांनी वहीच्या चौकटीच्या पानावर रेघेवरच्या चढउतारांचा छेद काढला. पश्चिमेला साडेचार हजार फुटांवरचा माथा, मग वाईच्या खोऱ्यात धाडकन उतार, पुढं कृष्णेचं रुंद पात्र, आणि पूर्वेकडं महादेव डोंगररांगेचे फाटे, बुटके आणि उघडेबोडके.

रेघेच्या आसपास राहणाऱ्या प्रत्येकानं पाच गोष्टी विचारून यायच्या होत्या. आजीच्या लहानपणी घरात कशाची भाकरी होती? जुन्या घराचं छप्पर कसलं? शिवारातल्या मातीला गावात काय म्हणतात? विहिरीचं पाणी एप्रिलमध्ये किती परसांवर असतं (परस म्हणजे साधारण माणसाच्या उंचीइतकी खोली)? आणि गाव सोडून कोण, कुठं, कधी जातं? जोडीला सातबाऱ्यातला बारा नंबर, म्हणजे पिकांची नोंद, पाहायची. पावसाचे मंडळनिहाय, म्हणजे काही गावांच्या महसुली गटानुसारचे, आकडे कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावरून मी काढून दिले.

भाकरीचा प्रश्न मी मुद्दाम आजीवर सोपवला होता. आता रेशनच्या गव्हानं सगळीकडं चपाती केली आहे, आज विचारलं असतं तर रेघ सपाट आली असती.

उत्तरं यायला लागली आणि रेघ बोलायला लागली. डोंगरातली आजी नाचणी आणि वरी सांगत होती, सणाला भात. वाई-कोरेगावात ज्वारी, थोडा गहू. पुसेगावच्या पुढं बाजरी, आणि रब्बीला पाऊस झालाच तर शाळू ज्वारी. एका आजीनं नातवाला सांगितलं, “बहात्तरला बाजरी बी नव्हती, मिलो खाल्ला.” १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली ती लाल ज्वारी. पोरानं मला विचारलं, “सर, मिलो कोणत्या प्रदेशाचं पीक?”

छपरंही तशीच. पश्चिमेला उतरती कौलं, पावसाळ्यात भिंती गवतानं झाकलेल्या. पूर्वेला माळवदाची सपाट घरं, वर मिरच्या वाळत घातलेल्या. मातीची नावं तर मला नवी होती. महाबळेश्वर-पाचगणीच्या माथ्यावर तांबडा जांभा, कृष्णाकाठी काळी, माणमध्ये मुरमाड, माळ, कुठं खारवट चोपण. इथं मी एक आवाजी निरोप फक्त खडकावर केला, कारण मुद्दा सहज निसटण्यासारखा होता. या सगळ्या रेघेखाली खडक एकच आहे, दख्खनचा बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. माती वेगळी झाली ती बरीचशी पाण्यामुळं आणि उतारामुळं. वर इतका पाऊस की क्षार धुऊन जाऊन लोह-अॅल्युमिनिअम उरलं, त्याचा जांभा झाला. खाली कृष्णेनं गाळ आणून टाकला. पूर्वेला पाऊसच कमी, झीज मंद आणि जी माती होते ती उतारावर टिकत नाही.

आता पाऊस. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास, माणच्या पूर्व भागात पाचशेच्या आसपास. सव्वाशे किलोमीटरमध्ये बारापट फरक. हे आकडे पुस्तकातही असतात. पुस्तकात सहसा नसतं ते ऊस लिहिणाऱ्या त्या मुलीनं महिनेवार तक्ता मांडल्यावर दिसलं. महाबळेश्वरचा सगळ्यात मोठा खांब जुलैचा होता, तिच्या मंडळाचा सप्टेंबरचा.

तिला वाटलं, आकडे उतरवताना चूक झाली. चूक नव्हती. अरबी समुद्रावरचे वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि जुलैत तिथंच रिकामे होतात. पलीकडं उतरताना ते तापतात, ढग विरतात. ही पर्जन्यछाया मुलांना पाठ असते. पण छायेतल्या गावांना जो पाऊस मिळतो, तो बराचसा मान्सून परतायला लागल्यावर, मेघगर्जनेसह आणि अनेकदा बंगालच्या उपसागराकडून आलेल्या पट्ट्यांतून. म्हणजे दोन टोकांचा पाऊस नुसता कमी-जास्त नाही, त्याची वेळ आणि दिशाही वेगळी. म्हणूनच तिथं शाळू सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात.

हे मी समजावत असतानाच १४ ऑक्टोबर २०२० ला बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा आंध्र-तेलंगण ओलांडून थेट सोलापूरवर आला. पंढरपुरात चंद्रभागेला पूर. तिचा निरोप आला: “सर, पाऊस उगवतीकडनं आला. शाळूची पेर वाहून गेली.” उदाहरण म्हणून मी हा पाऊस नक्कीच मागितला नसता.

तोपर्यंत मी स्वतःही एका गोष्टीकडं नीट पाहिलं नव्हतं. भारतीय हवामान विभागानं देशाचे ३६ उपविभाग पाडले आहेत. महाराष्ट्रात चार: कोकण (गोव्यासह), मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ. महाबळेश्वर ‘मध्य महाराष्ट्रात’ आणि म्हसवडही ‘मध्य महाराष्ट्रातच’. संध्याकाळच्या बातम्यांत ‘मध्य महाराष्ट्रात पावसानं सरासरी ओलांडली’ असं सांगतात, तेव्हा माणमधला शेतकरी टीव्हीकडं कसा बघत असेल ते मला त्या तक्त्यामुळं कळलं. कृषी खात्यानं मात्र राज्याचे ९ कृषी-हवामान विभाग केले, आणि त्यांत आमचा एक जिल्हा घाटमाथा, उपपर्वतीय पट्टा, मैदान आणि अवर्षणप्रवण अशा चार तुकड्यांत वाटला जातो. हवामान खात्याचं चुकलं असं नाही. त्यांना देशभराचा अंदाज द्यायचा आहे, कृषी खात्याला बियाणं ठरवायचं आहे.

हद्द कुठं?

यानंतरचा तास हा त्या वर्षातला माझा सगळ्यात आवडता तास. रेघेवर सीमा आखायच्या होत्या. मी अगोदरच पाच भाग पाडून ठेवले होते, जुनी सवय. मुलांनी ते पंधरा मिनिटांत मोडले.

भांडण पेटलं खटाववरून. खटाव माणदेशात धरायचा का? माणची मुलं म्हणाली, धरा, पाण्याची गत तीच. खटावची मुलं तयार होईनात. मग त्यांच्यातलाच एक जण म्हणाला, “सर, निधी येतो तेव्हा आम्ही दुष्काळी. सोयरीक ठरवताना बागायती.” सगळे माइक एकदम चालू झाले आणि दोन मिनिटं नुसता हशा. प्रदेशाची सीमा हेतूप्रमाणं बदलते हे मी दोन आठवडे सांगत होतो. त्यानं ते एका वाक्यात सांगितलं.

पाणलोटानं आखावं तर आणखी गंमत. खटावची येरळा कृष्णेला मिळते, माणची माणगंगा भीमेला. शेजारच्या दोन शिवारांतलं पाणी महादेवाच्या डोंगरानं वेगळं केलेलं, ते पुन्हा एक होतं पार रायचूरकडं, भीमा कृष्णेत मिसळते तिथं.

आणि मग माणमधल्याच दुसऱ्या एका मुलानं सगळं विस्कटलं. “आमच्यात ऊस हाय, सर.” त्याच्या गावाला उरमोडी धरणाचं, पंपानं उपसलेलं पाणी पोचलं होतं. सातबाऱ्याचा फोटोही त्यानं टाकला, बारा नंबरला ऊस. म्हणजे गाईडातलं वाक्य तालुक्यातल्या एका गावात खरं, दुसऱ्यात खोटं, आणि मध्ये पंपाची नळी. पर्जन्यछाया आहे तिथंच आहे, पण पिकांची हद्द विजेच्या मोटारीनं पूर्वेला सरकवलेली. त्यावर मी ठाम उत्तर दिलं नाही. नकाशावर त्या गावाभोवती तुटक रेघ काढायची असं ठरलं.

देश नातेवाइकांतून

पेपर भारताचा होता, साताऱ्याचा नव्हता, याची आठवण विभागप्रमुखांनी एकदा सौम्यपणे करून दिलीच. बरोबरच होतं. पण पाचव्या प्रश्नानं वाट उघडून ठेवली होती: गाव सोडून कोण, कुठं जातं?

डोंगरातल्या जावळीकडची माणसं मुंबईत माथाडी. त्यांतले बरेच जण मार्चमध्ये घरी परतले होते. पूर्वेकडच्या घरांत गलाईवाले निघाले. सोन्या-चांदीची राख, भुकटी गाळून धातू वेगळा करणारी ही माणसं विटा, आटपाडी, खटाव, माण या पट्ट्यातून देशभर गेली आहेत. लहानमोठ्या शहरातल्या सराफ बाजारात त्यांची भट्टी सापडते. दुष्काळी माळावरचा माणूस सोन्याच्या धंद्यात कसा, हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. आणि अनेक घरांतून एक तरी जण फौजेत.

तर ज्याचं जे माणूस बाहेर, त्याच्याकडून तिथल्या पाण्याची आणि जेवणाची माहिती घ्यायची असं ठरलं. त्या मुलीचे मामा मदुरैला गलाईच्या धंद्यात. त्यांनी सांगितलं, “इथं पावसाळा दिवाळीत असतो.” तमिळनाडूला ईशान्य मान्सून पाऊस देतो, ऑक्टोबर ते डिसेंबर, हे वाक्य तिनं अकरावीपासून चारदा लिहिलं असेल. पण या वेळी तिनं स्वतःहून जोडलं, “म्हंजी आमचा सप्टेंबरचा पाऊस त्यांच्यातला थोडा आधीचा भाऊबंद.” शास्त्रीयदृष्ट्या हे जरा सैल विधान आहे. मी दुरुस्त केलं, पण गुण कापले नाहीत.

एकाचा भाऊ लडाखमध्ये तैनात. कुठं आहे ते विचारायचं नाही, असं मी आधीच बजावलं होतं. फक्त पाणी कुठून येतं ते विचारायचं. उत्तर आलं: बर्फ वितळून ओढ्यानं येतं, त्यावर जव आणि पॉपलरची झाडं. लेहला वर्षाला शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तीही पर्जन्यछायाच, हिमालयाची. मेघालयासाठी मात्र कुणाचंच माणूस सापडलं नाही. तिथं पुस्तकच उघडलं. मौसिनरामला वर्षाला अकरा हजार मिलिमीटरच्या वर, आणि डोंगर ओलांडून शिलाँगला त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतका. मुलं म्हणाली, हे महाबळेश्वर-वाईच की.

जे जमलं नाही

नकाशाचं पश्चिम टोक कोरं राहिलं. जिथं सगळ्यात जास्त पाऊस, तिथंच सगळ्यात कमी रेंज. कांदाटी खोऱ्याकडची दोन मुलं तर पहिल्या महिन्यानंतर दिसलीच नाहीत. त्यांच्यापैकी एकाचा स्वाध्याय डिसेंबरात आला, एसटीच्या कंडक्टरबरोबर पाकिटातून, तोवर गुण भरून झाले होते. डोंगराबद्दल आम्ही जे बोललो ते तिघा-चौघांच्या भरवशावर. ऑनलाइन वर्गानं प्रदेश घरात आणला खरा, पण ज्याच्या घरी टॉवर आहे त्याच्याच.

नक्कलही थांबली नाही. दोन गावांतल्या विहिरींचं पाणी वेगवेगळ्या हस्ताक्षरांत बरोब्बर साडेसहा परसांवर निघालं. विचारल्यावर दोघंही हसले.

आणि परीक्षा. ती ऑनलाइन होती, बहुपर्यायी, प्रश्न केंद्राकडून आलेले. रेघ, भाकरी, तुटक सीमा, यातलं काहीच विचारलेलं नव्हतं, आणि मी तशी आशाही धरली नव्हती. पेपर सुटल्यावर टेकाडावरून तिचा निरोप आला. एक प्रश्न होता: पश्चिम महाराष्ट्रातील प्रमुख नगदी पीक कोणते?

“सर, ऊसच केलं.”